तंतुकणिकीय डीएनए आणि चतुरांची वंशावळ

चतुर व टाचण्या (चतुरांचे सडपातळ नातलग) मिळून ओडोनाटा हा कीटकगण बनतो. त्यात आज सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. या जातींमधील नाती ठरवताना पंखांवरील शिरांची जाळी आणि नराच्या पोटाच्या टोकावरील उपांगे यांवर दीर्घकाळ भिस्त होती. मात्र पाण्यात वाढणारे डिंभ, म्हणजे अपरिपक्व पिल्ले, कोणत्या प्रौढ चतुराचे, हे केवळ रूपावरून सांगणे पुष्कळदा अवघड जाते, शिवाय अनेक जातींत वयानुसार रंगही पालटतो. त्यामुळे १९९०च्या दशकापासून माइटोकॉन्ड्रियातील, म्हणजेच पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतील, डीएनएचा आधार घेतला जाऊ लागला.

हा डीएनए वर्तुळाकार असून चतुरांमध्ये त्याची लांबी साधारणपणे १५ ते १६ हजार बेस जोड्यांची (डीएनएच्या साखळीतील दुव्यांची) असते. त्यात ३७ जनुके असतात: १३ प्रथिनांची, २२ वाहक आरएनएची आणि २ रायबोसोमल आरएनएची. एका पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्याने संग्रहालयात टाचून ठेवलेल्या जुन्या नमुन्याच्या एका पायातूनही तो बऱ्याचदा मिळवता येतो. तो जवळजवळ केवळ आईकडून येतो, त्याचे पुनःसंयोजन, म्हणजे आईवडिलांच्या डीएनएची सरमिसळ, सहसा होत नाही आणि कीटकांत तो केंद्रकातील बहुतांश जनुकांपेक्षा वेगाने बदलतो, म्हणून अलीकडे वेगळ्या झालेल्या जाती व समूह त्यावरून ओळखता येतात. जाती ओळखण्यासाठी सायटोक्रोम ऑक्सिडेज-१ या जनुकाचा ६५८ बेस जोड्यांचा तुकडा विशेष वापरात आहे, तर अधिक जुन्या फाटाफुटीसाठी १२एस व १६एस हे रायबोसोमल क्रम निवडले जातात.

पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा पिवळसर चतुर महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतर माळरानांवर थव्यांनी घिरट्या घालताना दिसतो. ऑक्टोबरच्या सुमारास तो मालदीवमध्ये मोठ्या संख्येने उतरतो आणि तेथून हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातो, असा निष्कर्ष जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या खंडांतील नमुन्यांचे सायटोक्रोम ऑक्सिडेज-१चे क्रम ताडून पाहिले असता भूगोलानुसार स्पष्ट विभागणी आढळली नाही, म्हणजे समुद्रापलीकडील समूहांतही संकर होत असल्याचा तो पुरावा ठरतो.

एपिओफ्लेबिया या प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची) गोष्ट निराळी आहे. तिचे पंख टाचणीसारखे, तर धड चतुरासारखे असते. जपानमधील एपिओफ्लेबिया सुपरस्टेस आणि हिमालयातील एपिओफ्लेबिया लेडलॉई यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे अंतर असले, तरी त्यांच्या जनुकक्रमांतील फरक फारच थोडा निघाला. त्यामुळे हिमयुगांतील थंड हवामानात या कीटकांचा प्रसार सलग असावा आणि तो नंतर खंडित झाला असावा, असे २०१२ मधील विश्लेषणात सुचवले गेले.

खोलवरच्या शाखांबाबत मात्र हे साधन तोकडे पडते, आणि याची पुरेशी दखल घेतली जात नाही. वेगाने बदलणाऱ्या क्रमात एकाच जागी पुन्हा पुन्हा उत्परिवर्तने होतात, परिणामी जुन्या खुणा पुसल्या जातात. २००३ मधील १२एसवर आधारलेल्या वंशवृक्षात लेस्टिडी या कुलातील टाचण्या इतर टाचण्यांपेक्षा चतुरांना जवळच्या ठरल्या होत्या, म्हणजे टाचण्या हा एकसंध गटच राहिला नाही. पुढे केंद्रकातील जनुके मोठ्या प्रमाणावर जोडल्यावर टाचण्यांचा गट पुन्हा एकसंध दिसू लागला आणि आज तेच मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. याशिवाय केंद्रकात शिरलेल्या तंतुकणिकीय डीएनएच्या निकामी प्रतीही चुकून वाचल्या जाण्याचा धोका असतो.

जवळच्या जातींतही अडचणी येतात. युरोपातील सीनॅग्रिऑन प्युएला आणि सीनॅग्रिऑन पल्चेलम या टाचण्या नरांच्या खुणांवरून वेगळ्या ओळखता येतात, पण त्यांचे सायटोक्रोम ऑक्सिडेज-१चे क्रम त्यांना विश्वासाने विलग करू शकत नाहीत. जुना संकर किंवा अलीकडची फाटाफूट, दोन्हींमुळे असे घडू शकते, आणि एकट्या मातृवंशाच्या नोंदीवरून त्यांतील निवड करता येत नाही. चतुर-टाचण्यांच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. कॅलॉप्टेरिक्स मॅक्युलाटा या टाचणीचा नर मादीच्या शरीरातील आधीच्या नराचे शुक्राणू काढून टाकतो, हे जीवशास्त्रज्ञ जोनाथन वाग यांनी १९७९ मध्ये दाखवले होते. या गणात इतक्या चुरशीने लढल्या जाणाऱ्या पितृत्वाचा मागमूसही तंतुकणिकेत राहत नाही. त्यासाठी केंद्रकातील डीएनएच तपासावा लागतो.