युद्धपटांतील स्त्री : बेळगाव सीमाभागाच्या नजरेतून

युद्धकाळात स्त्रियांनी केलेली कामे आणि काढलेले दिवस चित्रपटांनी कसे दाखवले, हा विषय बेळगाव सीमाभागात दोन ठिकाणांपाशी येऊन थांबतो. एक कित्तूरचा किल्ला आणि दुसरे बेळगावातले मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर. कित्तूरची राणी स्वतः लढली. पलटणीत गेलेल्या जवानांच्या बायका घर आणि शेत सांभाळत मागे राहिल्या. पडद्याने राणीला भरपूर जागा दिली, मागे राहिलेलीला मात्र उंबरठ्यापुरतीच.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातला मराठी प्रेक्षक मराठी आणि हिंदीबरोबर कन्नड चित्रपटही पाहतो. त्यामुळे ‘कित्तूर चेन्नम्मा’ (१९६१) हा बी. आर. पंतुलू यांचा कन्नड चित्रपट इथे परका नाही. बी. सरोजादेवी यांनी त्यात राणी साकारली. मूळ घटना १८२४ सालची. दत्तक वारस नाकारून कंपनी सरकारने संस्थान घशात घालायचे ठरवले. २३ ऑक्टोबरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवले. १८२९ मध्ये तिथेच तिचा मृत्यू झाला. झाशीच्या उठावाच्या तेहतीस वर्षे आधीची ही लढाई. तरी हिंदी पडद्यावर लढवय्यी राणी म्हटली की झाशीचेच नाव येते : सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ (१९५३) आणि नंतर ‘मणिकर्णिका’ (२०१९).

बैलहोंगल तालुक्यातच बेलवडी आहे. तिथल्या मल्लम्मा देसाईणीने शिवाजी महाराजांच्या फौजेशी झुंज दिली. तिच्याशी गैरवर्तन करणाऱ्या सखुजी गायकवाड या आपल्याच सरदाराला महाराजांनी कडक शिक्षा केली, अशी परंपरा सांगते. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘सुभेदार’ या अलीकडच्या मराठी शिवपटांनी पन्हाळा, लाल महाल, पावनखिंड आणि कोंढाणा हे प्रसंग निवडले. बेलवडीची गोष्ट मात्र सीमाभागातल्या मराठी आणि कानडी अशा दोन्ही माणसांची आहे. समोर आपलीच फौज असताना लढणाऱ्या बाईचा मान राखणारा चित्रपट मराठीत यायला हवा.

मागे राहिलेल्या स्त्रीचे चित्रण हिंदी युद्धपटांत बहुतेक एकाच साच्यातले असते : निरोपाचे औक्षण, पत्र, मग बातमी. ‘बॉर्डर’ (१९९७) मधले ‘संदेसे आते हैं’ हे गाणे नीट ऐकावे. कधी येणार, असे विचारणारी पत्रे घरून आलेली आहेत, त्यांत बायकोचेही पत्र आहे; गळे मात्र सोनू निगम आणि रूपकुमार राठोड यांचे. तिचे शब्दही पुरुषाच्याच आवाजात आपल्यापर्यंत पोहोचतात. गाणे काळजाला भिडते, यात शंका नाही. पण पत्र लिहून झाल्यावर ती बाई काय करते, ते कॅमेरा दाखवत नाही.

खानापूरकडच्या कुठल्याही पलटणवाल्याच्या घरात याचे उत्तर मिळते. भाताची रोपलावण, जनावरे, सासऱ्याचे दुखणे, मनिऑर्डरच्या पैशांतून सोसायटीचा हप्ता. नवरा गेला तर पेन्शनचे हेलपाटे. तालुका कचेरीतला कागद कन्नडात, लष्कराकडून आलेला हिंदी किंवा इंग्रजीत, आणि तिला वाचता येते ती मराठी. सीमाभागातल्या सैनिकपत्नीचे युद्ध असे कागदावरही चालते. त्यात कॅमेऱ्यासाठी काय कमी आहे?

मागे राहिलेलीला केंद्रस्थानी ठेवून मोठा चित्रपट होतो, हे मिखाईल कलातोझोव यांच्या ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ (१९५७) या सोव्हिएत चित्रपटाने दाखवले. शेवटी परतणाऱ्या सैनिकांच्या गर्दीत नायिका वेरोनिका फुले घेऊन युद्धावर गेलेल्या आपल्या प्रियकराला शोधते. तो गेल्याचे पक्के कळते, आणि हातातली फुले ती अनोळखी सैनिकांना, त्यांच्या माणसांना एकेक करून देऊन टाकते. या चित्रपटाला १९५८ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

काम करणारी स्त्री आपल्याकडे फार आधी दिसली होती. व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) मध्ये जयश्री यांनी सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची सहकारी आणि पत्नी, चीनमधली परिचारिका, रंगवली. पुढे ‘राझी’ (२०१८) मध्ये १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून गेलेली हेर मुलगी आली. कारगिल युद्धात चीता हेलिकॉप्टर चालवणाऱ्या वैमानिकेवरचा ‘गुंजन सक्सेना’ २०२० साली आला, तेव्हा दलातला भेदभाव चुकीचा रंगवला म्हणून हवाई दलाने सेन्सॉर मंडळाकडे हरकत नोंदवली. वाद गणवेशातल्या बाईला मिळणाऱ्या वागणुकीवरून झाला. हिंदी युद्धपटापुढे हा प्रश्न एवढ्या उघडपणे क्वचितच आला होता.

बेळगावजवळच्या सांबरा येथील वायुसैनिक प्रशिक्षण केंद्रातून २०२३ मध्ये अग्निवीर-वायू (हवाई दलातील अग्निवीर) मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.