टाइमशेअर घेताना: कंपनीकडून की रीसेलमधून?

अमेरिकेतल्या एखाद्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहण्याचा हक्क विकत घ्यायला गेलं, की कंपनीचं सेल्स ऑफिस सहज 20 हजार डॉलरच्या वरचा आकडा सांगतं. त्याच वेळी एखाद्या जुन्या रिसॉर्टमधला आपला आठवडा कुणी मालक ऑनलाइन एक डॉलरला काढून टाकत असतो. दोन्ही जाहिराती खऱ्या असू शकतात. म्हणूनच या विषयावर दोन टोकाची मतं ऐकू येतात: कंपनीकडून घेणारा तो मूर्ख, किंवा रीसेल (म्हणजे आधीच्या मालकाकडून घेणं) म्हणजे नक्कीच काहीतरी गोलमाल. दोन्हीत अर्धवट माहिती आहे.

नवी गाडी आणि जुनी गाडी हा हिशेब इथे लागू पडत नाही. वापरलेली गाडी झिजलेली असते. टाइमशेअरची खोली नव्या आणि जुन्या मालकासाठी एकच असते, त्याच चादरी, तोच स्विमिंग पूल. डीड असलेला टाइमशेअर असेल तर रजिस्टर होणारं खरेदीखतही त्याच हक्काचं असतं. फरक पडतो तो त्या हक्काभोवती कंपनीने जोडलेल्या सवलतींत. कंपनीकडून घेतलं की त्या मिळतात. मालकाकडून घेतलं की त्यातल्या काही, कधी बऱ्याचशा, वाटेतच गळतात. किती गळतात हे प्रत्येक कंपनीत वेगळं आहे.

आधी किमतीतली तफावत कुठून येते ते पाहू. टाइमशेअर आपण होऊन विकत घ्यायला सहसा कुणी जात नाही, तो विकावा लागतो. स्वस्तातली हॉटेलची रात्र, गिफ्ट कार्ड, नव्वद मिनिटांचं सांगून तीन तास चालणारं प्रेझेंटेशन, सेल्समनचं कमिशन, मग त्याच्या मॅनेजरचं, हा सगळा खर्च आपल्याच किमतीत बसलेला असतो. शेअर बाजारात असलेल्या मोठ्या टाइमशेअर कंपन्यांचे अहवाल चाळले, तर विक्री आणि मार्केटिंगवरचा खर्च विक्रीच्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास जाताना दिसतो. मालक विकतो तेव्हा यातलं काहीच नसतं, त्यामुळे सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या हक्काची बाजारातली किंमत धाडकन खाली येते. वर कंपनीचं कर्ज घेतलं असेल तर त्याचं व्याज साधारण 12 ते 17 टक्क्यांत असतं. रीसेलला बँका सहसा कर्ज देत नाहीत, बहुतेक व्यवहार रोखीनेच होतात. हे गैरसोयीचं आहे खरं, पण सुट्टीसाठी पंधरा टक्क्यांचं कर्ज काढावं लागत असेल तर ती सुट्टी आपल्याला परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गंमत सेल्समन सांगत नाही. थकबाकीमुळे जप्त झालेले किंवा मालकांनी परत केलेले आठवडे आणि पॉइंट (काही ठिकाणी ठरलेल्या आठवड्याऐवजी दरवर्षी पॉइंट मिळतात, ते खर्चून खोली बुक करायची) कंपन्या पुन्हा आपल्या साठ्यात घेतात आणि पूर्ण किमतीला विकतात. म्हणजे 'कंपनीचा नवा' म्हणून घेतलेला हक्क आधी दुसऱ्या कुणाचा असू शकतो. काउंटर कंपनीचा आहे, म्हणून सवलती शाबूत राहतात.

या सवलती नेमक्या कसल्या? विंडहॅम या टाइमशेअर कंपनीत रीसेलचे पॉइंट व्हीआयपी दर्जासाठी मोजले जात नाहीत. हिल्टन ग्रँड व्हेकेशन्समध्येही रीसेलचे पॉइंट एलीट दर्जाला उपयोगी पडत नाहीत. पॉइंट बदलून हॉटेल किंवा क्रूझसाठी वापरणं, नव्या रिसॉर्टमध्ये बुकिंग, सदस्यांसाठीची सूट, असल्या गोष्टींवर कात्री चालते. आरसीआय (1974) आणि इंटरव्हल इंटरनॅशनल (1976) या आठवड्यांची अदलाबदल करणाऱ्या दोन जुन्या संस्था आहेत. त्यांचं सदस्यत्व मात्र रीसेलवाल्यालाही बहुधा स्वतंत्रपणे घेता येतं, फक्त आपला रिसॉर्ट कोणत्या संस्थेशी जोडलेला आहे ते पाहावं लागतं.

सर्वांत स्वच्छ उदाहरण डिस्ने व्हेकेशन क्लबचं. 1991 पासून चाललेला हा क्लब पॉइंटवर चालतो. आपलं एक 'होम रिसॉर्ट' असतं. तिथलं बुकिंग 11 महिने आधी करता येतं, बाकीच्या ठिकाणांचं 7 महिने आधी. पूर्वी रीसेलवाला आणि थेट घेणारा यांच्यात फारसा फरक नव्हता. मग 2011 मध्ये रीसेलचे पॉइंट क्रूझसारख्या गोष्टींसाठी वापरणं बंद झालं. 2016 मध्ये रीसेलमधून नव्याने येणाऱ्यांच्या सदस्य-सवलती गेल्या. 19 जानेवारी 2019 पासून तर घाव थेट राहण्यावरच पडला: तेव्हाच्या 14 जुन्या रिसॉर्टपैकी कुठल्याचेही पॉइंट रीसेलमध्ये घेतले, तर ते त्या 14 ठिकाणीच चालतात, रिव्हिएरा हे नवं रिसॉर्ट आणि त्यानंतर आलेल्या काही रिसॉर्टांत चालत नाहीत. उलट रिव्हिएराचे पॉइंट रीसेलमध्ये घेतले तर ते फक्त रिव्हिएरातच चालतात.

आता हे दोन करार शेजारी ठेवून बघा. त्या 14 पैकी बोर्डवॉकचे पॉइंट रीसेलमध्ये घेणाऱ्याकडे सगळ्या 14 रिसॉर्टांची निवड आहे. त्याने सवलती गमावल्या, फिरण्याची मोकळीक बरीचशी राखली. रिव्हिएराचे घेणाऱ्याला जन्मभर एकाच इमारतीत उतरायचं आहे. दोन्ही जाहिरातींत 'रीसेल' हाच शब्द आहे. आणखी एक बारकावा: बोर्डवॉकचा हक्क 2042 च्या जानेवारीत संपतो, रिव्हिएराचा त्याच्या किती तरी वर्षं पुढे. स्वस्त दिसणाऱ्या कराराला उरलेल्या वर्षांनी भागून पाहिल्याशिवाय तो स्वस्त आहे असं म्हणता येत नाही.

हे नियम बदलत गेले, यातच धडा आहे. आज रीसेलवाल्याला जे मिळतं ते पाच वर्षांनी मिळेल याची हमी नाही. नियम बदलताना आधीच्या खरेदीदारांना नव्या नियमातून सहसा वगळलं जातं, पण 'सहसा' या शब्दावर किती पैसे लावायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. सवलतींबद्दल थेट घेणाऱ्यालाही फार बेफिकीर राहता येत नाही. करारात बहुधा लिहिलेलंच असतं, की सदस्यांच्या जादा सवलती कंपनी कधीही बदलू किंवा काढून घेऊ शकते. हक्क कराराचा, सवलत मर्जीची. त्यामुळे सवलतींसाठी दहा-पंधरा हजार डॉलर जास्त मोजणं मला तरी पटत नाही. मोठ्या कुटुंबाला दरवर्षी वेगवेगळ्या, नव्या रिसॉर्टांत जायचंच असेल आणि तो दरवाजा रीसेलवाल्याला बंद असेल, तर गोष्ट वेगळी.

दोघांना अगदी सारखी पडणारी एक गोष्ट आहे, आणि तीच सर्वांत महाग असते: मेंटेनन्स फी. रीसेलवाल्याला तीत एक पैशाची सूट नाही. समजा, फी आज वर्षाला 1,200 डॉलर आहे आणि ती वर्षाला 4 टक्क्यांनी वाढते. 20 वर्षांत तिची बेरीज 35 हजार डॉलरच्या वर जाते. कंपनीकडून 20 हजारांना घेतलं तर एकूण 55 हजार, मालकाकडून 5 हजारांना घेतलं तर 40 हजार. तफावत मोठीच आहे, पण 'चौपट स्वस्त' उरली नाही. शिवाय चक्रीवादळाने छप्पर उडालं किंवा लिफ्ट बदलायची वेळ आली तर विशेष वर्गणी निघते, तीही सगळ्यांना सारखी. एक डॉलरवाल्या जाहिरातीचं कोडंही इथेच सुटतं. मालक आठवडा विकत नसतो, दरवर्षीचं बिल दुसऱ्याच्या गळ्यात घालत असतो. ऐन हंगाम सोडून भलत्याच आठवड्याचा, जुन्या इमारतीतला हक्क फुकटातही महाग पडू शकतो. (आणि जाता जाता: असे मालक आपला आठवडा फीच्या आसपासच्या भाड्याने देतातही. एकदा राहून पाहायचं असेल तर त्यासारखा मार्ग नाही.)

रीसेलची जाहिरात वाचायची एक पद्धत आहे. 'दरवर्षी 160 पॉइंट' हा आकडा ठळक असतो. त्याच्या खाली बारीक अक्षरांत चालू वर्षाचे किती शिल्लक, पुढच्या वर्षाचे किती, हे असतं. विकणाऱ्याने यंदाचे पॉइंट वापरून टाकले असतील आणि पुढच्या वर्षाचे उसने घेऊन तेही संपवले असतील, तर पहिली सुट्टी दोन वर्षांनी आणि फी मात्र लगेच, असा प्रकार होतो. त्यामुळे चालू वर्षाची फी कोण भरणार, क्लोजिंगचा (व्यवहाराची कागदपत्रं पूर्ण करण्याचा) खर्च आणि कंपनीची ट्रान्सफर फी कोणाच्या नावावर, हे भाव ठरवण्याआधी विचारायचं. मालक तोंडी काय सांगतो यावर न जाता रिसॉर्टकडून एस्टॉपेल सर्टिफिकेट मागवायचं. हक्क कोणाच्या नावावर आहे, थकबाकी किती, कर्ज फिटलं का, पॉइंट किती शिल्लक, हे त्या कागदावर रिसॉर्ट स्वतः लिहून देतं. पैसे विकणाऱ्याच्या खात्यात टाकायचे नाहीत, क्लोजिंग कंपनीच्या एस्क्रो खात्यात (व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताकडे राखून ठेवलेल्या) ठेवायचे, डीड रजिस्टर झालं की मग ते त्याला मिळतात. या सगळ्याला कित्येक आठवडे लागतात; कंपनीकडे तासाभरात सह्या होतात.

मध्येच आणखी एक अडथळा येऊ शकतो. अनेक कंपन्या करारात आधी स्वतः विकत घेण्याचा हक्क राखून ठेवतात. आपला सौदा ठरला, की तो त्यांच्यापुढे जातो, आणि भाव फारच कमी वाटला तर त्याच भावाने त्या स्वतः उचलतात. डिस्ने हा हक्क खरोखर वापरते, आणि तिथल्या रीसेलचे भाव टिकून राहण्याचं ते एक कारण आहे. आपले पैसे परत मिळतात, महिना वाया जातो.

फसवणूक दोन्हीकडे आहे, पण तिचं स्वरूप वेगळं. सेल्स ऑफिसात ती तोंडी असते: 'किंमत वाढत जाईल', 'नको झालं तर आम्हीच परत घेऊ', 'भाड्यातून फी निघते'. करारात एक कलम असतं की तोंडी सांगितलेलं काही ग्राह्य नाही. रीसेलमध्ये गळाला लागतो तो बहुतेक वेळा विकणारा. फोन येतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कराचे किंवा नोंदणीचे पैसे आधी पाठवा. पैसे गेले की फोन बंद. मेक्सिकोतल्या प्वेर्तो व्हायार्ता भागातून अशी टोळी चालवणाऱ्या, हालिस्को या अमली पदार्थांच्या कार्टेलशी जोडलेल्या कंपन्यांवर अमेरिकेच्या अर्थखात्याने 2023 मध्ये निर्बंध घातले. युरोपीय संघाच्या 2008 च्या टाइमशेअर निर्देशात तर विक्री प्रत्यक्ष होण्याआधी रीसेलच्या दलालाने पैसे घेण्यावरच बंदी आहे. तो नियम कुठेही राहत असलात तरी स्वतःला लावून घ्यावा.

कंपनीकडून घेणाऱ्याच्या बाजूने कायद्याने दिलेली एक भक्कम गोष्ट म्हणजे करार रद्द करण्याची मुदत. फ्लोरिडात ती 10 दिवसांची आहे आणि ती सोडून दिल्याची सही घेतली तरी सुटत नाही. नेवाडात 5 दिवस, युरोपीय संघात 14. तिथे रद्द करण्याचा ठरलेला फॉर्म ग्राहकाला दिलाच नसेल तर मुदत आणखी एका वर्षाने वाढते. खासगी मालकाकडून घेताना असं संरक्षण असेलच असं धरून चालू नये, करारात लिहून घ्यावं. कंपनीकडे सही करून आलेल्या कित्येकांना रीसेलचे भाव हॉटेलच्या खोलीत परतल्यावरच दिसतात, म्हणून ही मुदत मोलाची. रद्द करायचं तर सेल्समनला फोन करण्यात दिवस घालवू नयेत, तो मन वळवण्यात तरबेज असतो. कागदांच्या फाइलमध्ये रद्द करण्याच्या सूचनेचं पान शोधायचं, त्यावरच्या पत्त्यावर करार क्रमांक, खरेदीची तारीख आणि सगळ्या खरेदीदारांच्या सह्या असलेलं पत्र मुदतीच्या आत रजिस्टर पोस्टाने धाडायचं आणि पावती जपून ठेवायची.