मुतखड्याची गोळी दिवसातून एकदा की दोनदा?

खडा पुन्हा होऊ नये म्हणून थायझाइड गटातली, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी देण्याची पद्धत जुनी आहे. ही औषधं १९५०च्या दशकाच्या अखेरीस रक्तदाबासाठी आली. त्यांनी लघवीतलं कॅल्शियम कमी होतं हे लवकरच लक्षात आलं आणि पुढे ती कॅल्शियमच्या खड्यांसाठी वापरात आली. (फ्युरोसेमाइड हीही लघवीचीच गोळी, पण ती कॅल्शियम उलट वाढवते. दोन्हींची गल्लत नको.)

खरा वाद २०२३चा आहे. स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत वारंवार खडे होणाऱ्या ४१६ जणांना याच गटातलं हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, २५ किंवा ५० मिलिग्रॅम, नाहीतर औषध नसलेली गोळी दिली गेली. सुमारे तीन वर्षांत औषध नसलेल्या गोळीवाल्यांपैकी ५९ टक्क्यांना खडा पुन्हा झाला किंवा वाढला. ५० मिलिग्रॅमवाल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होतं, पण फरक ठोस ठरला नाही. लगेच बातमी पसरली, की गोळी निरुपयोगी.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. या चाचणीत गोळी दिवसातून एकदाच होती. जुन्या चाचण्यांत हेच औषध बहुधा दोनदा दिलं जाई, कारण त्याचा असर दिवसभर पुरत नाही. सकाळी सातला घेतलेली गोळी रात्री ओसरते, आणि लघवी सर्वांत दाट होते ती नेमकी रात्री. क्लोरथॅलिडोन हे तशाच प्रकारचं औषध जास्त काळ टिकतं, म्हणून ते एकदा घेतलं तरी चालतं. तेव्हा उत्तर मिळालं ते 'एकदा'चं. 'दोनदा'चा प्रश्न उरलाच.

कोकणात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. जांभा पाणी धरत नाही, मे महिन्यात विहिरी आटतात, दमट उकाड्यात घाम थांबत नाही. पहाटे होडीवर जाणारा माणूस लघवीच्या धास्तीने सकाळची गोळी टाळतो. त्याला वेळ बदलून द्यायला हवी का, हे डॉक्टरांनी आपणहून विचारावं. दुसरा डोस संध्याकाळी उशिरा नको, दुपारी घेतला तर रात्रीची झोपमोड टळते. खारवलेला बांगडा आणि सुकट रोज ताटात असेल, तर मीठ गोळीचा असर खाऊन टाकतं. शिवाय या गोळीने पोटॅशियम उतरतं आणि त्यासोबत खड्याला रोखणारं लघवीतलं सायट्रेटही, म्हणून रक्ततपासणी आणि गरजेनुसार पोटॅशियम सायट्रेट हे या उपचाराचे भाग आहेत.