पहिलीचं वय: कानाला लागणाऱ्या हातापासून ३१ डिसेंबरपर्यंत

पहिलीचे प्रवेश जवळ आले की घोडबंदर रोडपासून कोपरखैरण्यापर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच हिशेब सुरू होतो: पोराचा जन्म नोव्हेंबरचा, यंदा बसतो का?

तारखेवरून मुलाची इयत्ता ठरवण्याची ही रीत तशी अलीकडची. पंतोजींच्या शाळेत वयाची अट नव्हती. धूळपाटीवर अक्षर गिरवणारा आणि पावकी-निमकी घोकणारा मोठा पोरगा एकाच ओसरीवर बसत. मुली तिथे अभावानेच दिसत. पुढे सरकारी शाळांबरोबर इयत्ता आल्या, पण कायद्याच्या लेखी बालपण आखूडच होतं. १८८१ च्या कारखाना कायद्याने कामावर बंदी घातली ती फक्त सात वर्षांखालच्या मुलांना; सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तास काम घेता येत असे. पुढच्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे पुण्याहून निवेदन गेलं, की बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ते देशभर कायद्यात उतरायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली.

शाळेआधीच्या वयाचा वेगळा विचार आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात रुजला. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं राहिलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून कुरणावरच शाळा भरवली गेली. मुलाने शाळेच्या वेळेत बसायचं, की शाळेने मुलाच्या दिवसात, हा प्रश्न तिथे फार सरळ सुटला होता. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. अंगणवाडी हा शब्द मात्र १९७५ च्या सरकारी योजनेतून देशभर गेला.

वय मोजायची पद्धतही तोवर ढोबळच होती. डोक्यावरून नेलेला उजवा हात डाव्या कानाला लागला की पोरगं पहिलीत. तारीख माहीत नसली तर मुख्याध्यापक १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे आजही निवृत्तीच्या यादीत ३१ मेला झुंबड उडते. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा. दाखला घराघरात पोहोचायला आणखी काही वर्षं लागली.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा ही चौकट आखली. पण सहा वर्षं कोणत्या तारखेला पूर्ण हवीत? खरा घोळ इथेच आहे. राज्याने ही तारीख पुढे सरकवत नेली आणि २०२० मध्ये ३० सप्टेंबरची ३१ डिसेंबर केली. मुलाचं वर्ष वाया जातं ही पालकांची तक्रार होती, ती मिटली. पण त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असतानाच पहिलीच्या बाकावर येतं. जानेवारीत जन्मलेलं, जवळजवळ साडेसहाचं मूल त्याच्या शेजारी बसतं, आणि चाररेघी वहीत अक्षर बसवण्याची अपेक्षा दोघांकडून सारखीच. वर्ष वाचलं ते पालकांच्या हिशेबात. याउलट केंद्र सरकारच्या शाळांनी २०२२ पासून ३१ मार्चला सहा पूर्ण हवीत असं ठरवलं. त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. म्हणजे ठाण्यातल्या एकाच इमारतीत, एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुलं एका वर्षाच्या अंतराने पहिलीत जाऊ शकतात.

नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा एकत्र मानला आहे आणि राज्यात २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम त्यानुसार बदलायला सुरुवात झाली. कागदावर तो खेळावर भर देतो. खाजगी सीनियर केजी मात्र अजून दोन अंकी बेरजेवर अडून आहे.

या सगळ्या वादात नाक्यावरच्या मजुरांची आणि दगडखाणींतली मुलं कुठेच नसतात. त्यांच्यासाठी कायद्यात वयानुरूप प्रवेशाची तरतूद आहे. शाळेचं तोंडही न पाहिलेली अकरा वर्षांची मुलगी थेट सहावीत बसवायची आणि मागचं विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचं. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. तिची जन्मतारीख अजूनही अंदाजानेच लिहिली जाते.