काल्पनिक कवकजाल

जमिनीखाली किंवा परग्रहावर पसरलेल्या, संदेश वाहणाऱ्या, स्मृती बाळगणाऱ्या आणि प्रसंगी निर्णयही घेणाऱ्या बुरशीच्या जाळ्याला विज्ञानकथेत व अनुमानाधारित जीवशास्त्रात (म्हणजे शास्त्राच्या आधारे काल्पनिक जीव रचण्यात) काल्पनिक कवकजाल म्हणतात. मुळे आणि कवक यांच्या सहजीवनाला जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये मायकोरायझा हे नाव दिले. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड व सहकाऱ्यांनी मुळांशी समान कवके असलेल्या बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण नोंदवली, आणि बोलणाऱ्या जंगलाची प्रतिमा लोकप्रिय झाली. मात्र जंगलातील अशा जाळ्यांविषयीचे अनेक दावे पुराव्यापुढे धावले आहेत, असे तिघा संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले.

‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ (२०१७) या मालिकेतील कवकजाल आकाशगंगाभर पसरलेले असून त्यातून यान क्षणात दूरवर पोहोचते. ही कल्पना देखणी आहे, पण तिथे जाळ्याला अन्न कोठून मिळते हा प्रश्न मागे पडतो. खऱ्या मायकोरायझात कवक पिकाला स्फुरद पुरवते आणि मोबदल्यात शर्करा घेते. हा व्यवहार गाळला की जाळे केवळ जादू उरते.

मराठवाड्यातील लेखकाला या कल्पनेसाठी दूर जाण्याची गरज नाही. बेसॉल्टपासून बनलेली इथली काळी कसदार जमीन पावसाने फुगते आणि उन्हाळ्यात खोल भेगाळते, त्यामुळे तिच्यात वाढणाऱ्या कोणत्याही तंतुजालाला दरवर्षी तुटण्याला तोंड द्यावे लागेल. काही मायकोरायझा कवकांचे तुटलेले तंतू पुन्हा जुळतात आणि बीजाणू (बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण) कोरडा काळ तग धरतात, हे लक्षात घेतल्यास अशा जाळ्याची स्मृती तंतूंत नव्हे, तर बीजाणूंत साठते आणि मृगाच्या पावसानंतर ती तुकड्या-तुकड्यांनी, कधी चुकीच्या क्रमाने जुळते, असे मानता येईल. ज्वारी, तूर, कापूस या पिकांच्या मुळांशी मायकोरायझा असतोच, म्हणून हे जाळे बांधाला न जुमानता शेजाऱ्याच्या वावरातही शिरेल आणि कोणाच्या पिकाने कोणाला पोसले हा वाद उभा राहील.

याच मातीत विरोधी पात्रही आहे. तुरीच्या मर रोगाची फ्युझेरियम बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते, उभे झाड वाळते, आणि शेतकरी तिला रोखण्यासाठी बियाण्याला ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी चोळतात. कथेतील जाळे या दोघींपैकी कोणाला आपले मानते, यावर त्याचा स्वभाव ठरेल.