गाडी नंबर २३५ आणि कवीची साक्ष

प्रागमध्ये भल्या पहाटे एक मोटार एका म्हातारीला उडवून पसार होते. तंत्रशाखेचा एक विद्यार्थी तिथे हजर असतो, पण त्याला नंबर सांगता येत नाही. दुसरा साक्षीदार एक कवी. त्यालाही काही आठवत नाही, पण घरी जाऊन त्याने कविता लिहिलेली असते. तिच्या शेवटी हंसाची मान, स्त्रीचे स्तन, ढोल आणि झांजा येतात. आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो, ते डोळ्यांसमोर आणा. हंसाची मान म्हणजे दोन, स्तन म्हणजे तीन. पाचाचं पोट म्हणजे ढोल आणि वरची आडवी रेघ म्हणजे झांज. गाडी नंबर २३५!

कारेल चापेक (१८९०–१९३८) या चेक लेखकाची ही कथा. त्याच्या ४८ छोट्या गुन्हेकथा १९२९ मध्ये दोन पुस्तकांत आल्या. जगाला तो ‘आर.यू.आर.’ या १९२० च्या नाटकातल्या यंत्रमानवांमुळे माहीत आहे. खरं तर ते यंत्रमानव नव्हेतच. लोखंडाचे नाहीत, कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले आहेत. त्या कारखान्यात मज्जातंतू सूत काततात तसे कातले जातात.

मला मात्र त्याच्या गुन्हेकथांतलं विज्ञान जास्त मोलाचं वाटतं. डोक्यात माहिती असूनही ती विचारल्यावर बाहेर येत नाही, हे त्याने अचूक हेरलं होतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटार-अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद असलं की सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आलं, ‘एकमेकींना लागल्या’ म्हटलं तेव्हा सुमारे ३२. नुसता प्रश्न बदलला आणि साक्ष बदलली.

दुसऱ्या एका कथेत एक प्राध्यापक संशयिताला एकेक शब्द देतो आणि मनात येईल तो पहिला शब्द बोलायला लावतो. खून उघड होतो. मग एक पत्रकार पुढे येतो, प्रत्येक शब्दाला वर्तमानपत्री ठोकळेबाज उत्तर देतो आणि प्राध्यापकाच्या हाती काहीच लागत नाही. ही चाचणी काल्पनिक नव्हती. प्रागमध्ये गुन्हेशास्त्रज्ञ हान्स ग्रोस यांच्याकडे शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९०४ मध्ये, म्हणजे या कथांच्या पंचवीस वर्षं आधी, शब्दांवरून गुन्ह्याचा माग काढण्याच्या पद्धतीवर लिहिलं होतं. चापेक स्वतः आयुष्यभर वृत्तपत्रात काम करत होता. पद्धतीची फट त्याला तिथूनच दिसली असावी.

१९३६ च्या ‘सॅलॅमँडरांशी युद्ध’ या कादंबरीतही असाच एक साक्षीदार आहे. सॅलॅमँडर म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी. स्विस विद्वान योहान याकोब शॉयख्त्सर यांनी १७२६ मध्ये एक जीवाश्म बायबलमधल्या महाप्रलयात बुडालेल्या माणसाचा म्हणून जाहीर केला आणि त्याला ‘प्रलयाचा साक्षीदार’ ठरवलं. १८११ मध्ये नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए यांनी तो दगड हळूहळू कोरला, तेव्हा आतून पुढचे पाय निघाले. तो होता एक महाकाय सॅलॅमँडर! आज त्याला आंद्रियास शॉयख्त्सेरी म्हणतात, आणि त्याचे जवळचे भाईबंद जपान-चीनच्या नद्यांत अजूनही आहेत. चापेकने हाच लुप्त प्राणी सुमात्राजवळच्या समुद्रात जिवंत सापडल्याचं कल्पिलं, त्याला बोलायला आणि हत्यारं वापरायला शिकवलं. पुढे हेच सॅलॅमँडर माणसांचे किनारे पोखरून समुद्रात बुडवू लागतात.