रुळांवरून आलेलं चर्च

भुसावळात रिक्षावाल्याला "चर्चला सोडा" म्हटलं की तो आधी विचारतो, "कोणत्या?" कॅथलिकांचं वेगळं, अलायन्स या अमेरिकन मिशनवाल्यांचं वेगळं आणि सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, वेगळं. हे तिसरं मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. त्याला परवापरवापर्यंत म्हातारी माणसं 'साहेबांचं चर्च' म्हणत. साहेब जाऊन पाऊणशे वर्षं होऊन गेली, नाव तेवढं चिकटून राहिलं. ते का, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. आणि खानदेशात मागं जायला लागलं की माणूस बहुतेक वेळा रुळांपाशीच येऊन पोचतो.

नगर-नाशिककडच्या ख्रिस्ती माणसाला मंडळीचा इतिहास विचारा, तो मिशनपासून सुरुवात करील. नाशकात चर्च मिशनरी सोसायटी हे अँग्लिकन मिशन १८३२ साली आलं. पुढं शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथं शिकली आणि त्यांच्यातली काही आफ्रिकेत फिरणारा संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तांड्यातून परत आफ्रिकेत गेली. खानदेशातल्या अँग्लिकन चर्चला असं काही सांगता येत नाही. इथं आधी छावणी आली, मग रेल्वे आली, आणि मराठी मंडळी सगळ्यांच्या शेवटी.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. १८२५ साली जेम्स आउट्रमनं धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. मालेगावला छावणी होती, आणि मालेगाव तेव्हा खानदेशातच मोडायचं. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा ते तिकडं गेलं. या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी जो धर्मगुरू असे तो चॅप्लेन, म्हणजे सरळ सरकारी नोकर. १८१३ च्या सनदी कायद्यानं कंपनीच्या मुलखात बिशप नेमायची सोय झाली, १८१४ मध्ये कलकत्त्याला पहिला बिशप आला, आणि १८३७ मध्ये मुंबईचा वेगळा धर्मप्रांत होऊन टॉमस कार त्याचे पहिले बिशप झाले. खानदेश त्यांच्याच हद्दीत. उपासना इंग्रजीत, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातून. इथल्या माणसाचा तिच्याशी संबंध आला तर तो बाहेर घोडा धरून उभं राहण्यापुरता.

चित्र बदललं ते जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं. १८६० च्या दशकात लाइन खानदेशातून पुढं सरकली. भुसावळहून एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला, दुसरा खांडवा-इटारसीकडून जबलपूरला जाऊन १८७० मध्ये कलकत्त्याच्या लाइनीला मिळाला. दोन मोठ्या लाइनी जिथं फुटतात तिथं इंजिनं बदलतात, कोळसा-पाणी भरलं जातं, दुरुस्तीचे कारखाने लागतात. एवढी माणसं राहायला आली तर त्यांना बंगले, इन्स्टिट्यूट, दवाखाना, शाळा आणि चर्च हेही लागतं. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन, बॉयलरमेकर बहुतेक इंग्रज नाहीतर अँग्लो-इंडियन. चर्च त्यांचं, म्हणून 'साहेबांचं'. साहेब म्हणजे इथं कलेक्टर नव्हे. हातात तेलाचा बोळा घेऊन इंजिनाखाली शिरणारा साहेब.

त्या काळी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशी तीन रजिस्टरं चालत आणि त्यांच्या नकला मुंबईमार्गे थेट लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कोणाला आपले पणजोबा शोधायचे असतील तर भुसावळपेक्षा लंडनला लवकर सापडतात, हे जरा विचित्रच. अशा रजिस्टरात पेशाचा रकाना वाचत गेलं तरी गावाचा इतिहास कळतो: फायरमन, फिटर, गार्ड, परत फायरमन. आणि वयाचा रकाना वाचवत नाही. कॉलरा, हिवताप, उन्हाळा; लहान मुलांच्या नोंदी फार.

भुसावळच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात एक नाव मात्र रेल्वेचं नाही. मेजर रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला हा चित्रकार १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आला आणि उरलेलं आयुष्य त्यानं त्याच परिसरात काढलं. त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या. १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. तरी गडी परत कामाला लागला. १८७९ च्या एप्रिलमध्ये आजारी पडलेला गिल भुसावळात वारला आणि तिथंच पुरला गेला. अजिंठ्याला जाणारे हजारो लोक भुसावळ किंवा जळगावला गाडीतून उतरतात आणि थेट लेण्यांकडं सुटतात. या कबरीकडं वळणारा विरळा.

मराठी मंडळी मागच्या दारानं आली. रेल्वेला नुसते ड्रायव्हर पुरत नव्हते. खलाशी, पॉइंटमन, दवाखान्यात नर्स, शाळेत मास्तर हवे होते. नगर आणि नाशिककडच्या मिशन शाळांतून चार बुकं शिकलेली ख्रिस्ती पोरं या कामांवर आली. माझे आजोबा राहुरीकडून खलाशी म्हणून आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत गायनाचं पुस्तक होतं आणि खिशात तिकडच्या पाळकांची चिठ्ठी: 'हे आमच्या मंडळीचे सभासद आहेत, आपल्यात सामावून घ्यावे.' ती चिठ्ठी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीची, म्हणजे अँग्लिकन नव्हेच. पण परगावी कोण एवढं बघतो? आधी इंग्रजी उपासना उरकायची, मग मराठी. बाक तेच, वेळ दुसरी.

खानदेशातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र या चर्चचे नाहीत, हे सांगायला हवं. मिशनऱ्यांनी आपापसांत मुलूख वाटून घेतला होता. एकानं नांगर घातला तिथं दुसऱ्यानं जायचं नाही. त्या वाटणीत भुसावळ-चाळीसगावकडं अमेरिकेची ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आली, आणि पश्चिमेकडं नंदुरबार-नवापूरच्या पट्ट्यात स्कँडिनेव्हियन आणि स्वीडिश अलायन्सची मिशनं. भिल्ल आणि मावची पाड्यांवरची मोठी मंडळी त्यांच्याच कामातून उभी राहिली. चिंचपाड्याचा दवाखानाही त्याच परंपरेतला. अँग्लिकनांच्या वाट्याला खानदेशात राहिली ती लाइन आणि लाइनीवरची माणसं. त्यामुळं हे चर्च कायम बदलीवाल्यांचं. आज बाकावर शेजारी बसलेलं कुटुंब पुढच्या वर्षी इगतपुरीला असतं.

कागदावरचे बदल मुंबई-दिल्लीकडून येत गेले. १९२९ मध्ये मुंबईतून फुटून नाशिकचा धर्मप्रांत झाला, फिलिप लॉइड पहिले बिशप. १९२७ च्या कायद्यानुसार १९३० मध्ये इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं. स्वातंत्र्यानंतर पगारी चॅप्लेन संपले, अँग्लो-इंडियन घरं एकेक करून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघाली आणि इंग्रजी उपासनेला आठ-दहा डोकी उरली. त्यांची जागा भरली ती संरक्षण खात्याच्या कारखान्यांनी: भुसावळचा १९४९ चा, वरणगावचा १९६४ चा. तिथं देशभरातून माणसं आली, त्यांत तमिळ आणि मल्याळी ख्रिस्तीही. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्या दिवसापासून खानदेशात 'अँग्लिकन' नावाची मंडळी कायद्यानं उरली नाही. अलायन्सवाले या एकीत आले नाहीत.

ही फूट रोजच्या जगण्यात एकाच ठिकाणी टोचते: सोयरिकीत. अलायन्सची रीत अशी की माणूस कळता झाला, त्यानं विश्वास कबूल केला, की पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. अँग्लिकनांकडं तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी, आणि मोठेपणी बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी. सीएनआयमध्ये बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही असल्यानं तिथं दोन्ही रीती चालतात, पण ते सासूला कोण सांगणार? "आमच्याकडं पोरगं कुंडाशी नेल्याबिगर बारसं धरत नाहीत" आणि "शिंपडलेला बाप्तिस्मा कसला" यांवर मी दोन लग्नं अडलेली पाहिली आहेत. दोन्ही पुढं झाली, जेवणंही झाली.

बाकी रोजचं चर्च कुठल्याही छोट्या संस्थेसारखं चालतं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूक असते, मतदारयादीत नाव यायला वर्गणी भरलेली लागते, आणि वर्षभर न दिसणारे लोक यादी लागायच्या आठवड्यात खजिनदाराला शोधत येतात. बायकांचं मंडळ मूळचं मदर्स युनियन, इंग्लंडात १८७६ मध्ये सुरू झालेलं; इथं त्याचा खरा कारभार म्हणजे बाळंतिणीला डबा पोचवणं आणि आजाऱ्याच्या घरी प्रार्थना. पहिल्या शिफ्टचे लोक अर्ध्या उपासनेतून उठतात, रात्रपाळीवाले डोळे चोळत येतात; पाळकसाहेब कोणालाच काही म्हणत नाहीत. त्यांचीही बदली बिशपांच्या हातात.

गाणी मात्र साहेबांची राहिली नाहीत. जुन्या इंग्रजी चालींवरची मराठी पदं आहेतच, पण पेटी-तबल्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा अभंग निघाला की जो तो मान वर करतो. टिळक (१८६१–१९१९) अमेरिकन मिशनचे, अँग्लिकन नव्हेत. त्यानं कोणाचं अडत नाही.

सगळ्यात इथल्या मातीचं झालंय ते हार्वेस्ट, म्हणजे कापणीचा सण. १८४३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टोच्या रॉबर्ट हॉकर या पाळकानं त्याला आजचं रूप दिलं. तिकडं गहू आणि सफरचंदं. इकडं वेदीपुढं केळीचे घड, भरताची वांगी, दादर ज्वारीची कणसं, कपाशीची बोंडं, आणि वाण्याकडून आणलेलं तेलाचं पाकीट, कारण रेल्वे क्वार्टरमध्ये पिकणार काय? उपासनेनंतर लिलाव. पाच रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो परत दान करतो, पुन्हा बोली. एकाच भोपळ्यावर एकदा छताची गळती बुजवायचा खर्च निघाला होता. लिलाव पुकारणारे काका निवृत्त गार्ड. "एक वार, दोन वार" म्हणताना त्यांचा हात अजून झेंडी धरल्यासारखा वर जातो. दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत.

वर्षात एकदा मंडळी जुन्या कबरस्तानात जाते, दोन नोव्हेंबरला. ज्याचं त्याचं माणूस असतं तिथं गवत काढायचं, फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची. इंग्रजी नावांच्या ओळींकडं कोणी येत नाही. त्यांची माणसं लाइन सोडून केव्हाच निघून गेली. मग मेणबत्त्या उरल्या की पोरं त्या तिकडं नेतात आणि ज्या दगडावर इंजिन कोरलेलं दिसेल त्यावर आधी लावतात.